न धुतलेलं दुपटं

बाळाला माझ्या हातात देण्याआधी मावशींनी तिचं नाक पुसलं. झबल्याचा बंद गळ्याला काचत होता, तो सैल केला. मग एक मळकट, कडेला उसवलेलं दुपटं तिच्या छातीशी खोचलं आणि दुभाष्याला काहीतरी सांगितलं. “हे धुऊ नका म्हणतात. निदान काही आठवडे तरी.” त्याचं बोलून होईपर्यंत मावशी दारापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, वळून पाहिलं असतं तर त्यांचं पाऊल पुढे पडलं नसतं.

मावशी हे नातं आम्ही जोडलेलं. आम्ही दत्तक घेतलेल्या बाळाला दूरदेशीच्या बालगृहात सांभाळणाऱ्या त्या बाई. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्यांना. बाळ अकरा महिन्यांचं होतं आणि त्यातले जवळजवळ नऊ महिने त्यांच्या कडेवर गेले होते. देश कोणता, गाव कोणतं, ती तिथवर कशी पोचली, हे मी इथे लिहिणार नाही. ती तिची गोष्ट आहे. मोठी झाल्यावर कुणाला किती सांगायची ते ती ठरवेल. मला लिहायचंय ते घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांबद्दल. कागदपत्रं, मुलाखती, गृहभेटी यांबद्दल सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले. पण बाळ घरी आल्यावर तिसऱ्या रात्री काय होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

ती रडली नाही. बालगृहाच्या दारात नाही, गाडीत नाही, विमानात कान दुखले असतील तेव्हाही नाही. शेजारच्या आसनावरच्या आजी उतरताना म्हणाल्या, “किती गुणी लेकरू आहे!” मला अभिमान वाटला, जणू तो गुण मी तिला दिला होता.

घरीही तेच. ठेवलं तिथे बसायची. बाटली तोंडाला लावली की छताकडे बघत घटाघटा चार-पाच मिनिटांत संपवायची. पाजणाऱ्या माणसाकडे डोळे वळायचेच नाहीत. पाळण्यात ठेवलं की डोळे मिटायची. सकाळी मी डोकावून पाहायची तर ती जागी असायची, आपल्याच हाताची बोटं निरखत. कधीपासून जागी होती, कोण जाणे. तिने हाक मारली नव्हती. आमचा थोरला सात वर्षांचा. तो एकदा म्हणाला, “आई, हिला आवाज येतो ना?” मी त्याला हसून उडवून लावलं. खरं तर घरात नीट पाहणारा तेव्हा तो एकटाच होता.

पहिल्या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे नेलं. बाहेरून आलेल्या बाळांच्या तपासण्या बऱ्याच असतात. रक्त, शी, क्षय, कावीळ. शिवाय लशींच्या नोंदी असल्या तरी त्या अंगी लागल्यात की नाही ते रक्तातून बघतात, नाहीतर पुन्हा टोचतात. उंची-वजनाच्या तक्त्यावर ती तळाशी होती. डॉक्टरांना त्याची फारशी काळजी वाटली नाही. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे मूल उंचीत साधारण एक महिना मागे पडतं, असा एक ढोबळ हिशेब आहे म्हणाल्या, आणि घर मिळालं की बहुतेक मुलं ती तूट भराभर भरून काढतात. मग त्यांनी सुई टोचली.

छोटी दचकली. अंग ताठ झालं. खालचा ओठ एकदाच थरथरला, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी “झालं, झालं” म्हणत होते, पण डॉक्टर हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून तिच्याकडेच बघत राहिल्या. “दुखलं की मूल कुणाकडे तरी बघतं,” त्या म्हणाल्या. “ही कुणाकडेच बघत नाहीये. हिला शहाणी म्हणू नका. ही दुःखात आहे.”

घरी येताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर मी वाचत सुटले. १९५० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकटी राहिलेली लहान मुलं दिवसेंदिवस बसून पाहिली. त्या काळी आईवडिलांना भेटायला फार कमी वेळ सोडत. रॉबर्टसन आणि मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी त्या मुलांच्या दुःखाच्या तीन पायऱ्या नोंदवल्या. मूल आधी आकांत करतं. मग आशा सोडतं आणि मूक होतं. शेवटी अलिप्त होतं, कुणीही आलं-गेलं तरी त्याला चालतं. आणि ही तिसरी पायरी आली की वॉर्डातली मोठी माणसं म्हणत, रुळलं हो आता! मी तिथेच थांबले. विमानातल्या त्या आजी आणि अभिमानाने फुललेली मी, आम्ही दोघी त्याच वॉर्डात उभ्या होतो.

अकरा महिने हे वयही अवघड. झाकलेली वस्तू नाहीशी झालेली नसते हे बाळाला आठव्या महिन्याच्या आसपास कळू लागतं, असं बालमानसशास्त्रज्ञ प्याजे यांनी दाखवलं. आपण याला खेळातली प्रगती समजतो, खुळखुळा रुमालाखाली लपवून गंमत करतो. पण माणसालाही ते लागू आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तीन महिन्यांची असती तर मावशी दिसेनाशा झाल्या, एवढंच घडलं असतं. अकराव्या महिन्यात तिला कळत होतं की मावशी आहेत. कुठेतरी आहेत, आणि येत नाहीत.

आपल्याकडे लळा हा शब्द आहे. लळा लागतो, असं आपण म्हणतो, जणू तो आपोआप चिकटतो. थोरल्याच्या वेळी तसंच झालं होतं. त्याच्या रडण्याने मला पान्हा फुटायचा, माझं शरीर माझ्याआधी धावायचं. इथे शरीर गप्प होतं. मी तिच्याकडे बघायची आणि आत काही हलायचं नाही, नुसती जबाबदारी जाणवायची. हे लिहायला मला दोन वर्षं लागली. इतक्या वाट पाहण्यानंतर, इतक्या सह्यांनंतर, बाळ समोर असताना आई होणाऱ्या बाईला माया वाटू नये, याची लाज इतकी मोठी होती की नवऱ्यालाही सांगितलं नाही. एवढंच ऐकायला मिळालं असतं की पुष्कळ आईबापांचं असं होतं, काही जणांना खरंखुरं नैराश्यही येतं आणि त्यावर मदत घ्यायची असते, तर माझ्या कितीतरी रात्री सोप्या गेल्या असत्या. म्हणून इथे सांगते आहे.

त्यात भर म्हणजे तिने निवड केली, आणि ती मला सोडून. चौथ्या-पाचव्या दिवशी ती नवऱ्याच्या मांडीवर स्वतःहून सरकली. त्याच्या शर्टाचं बटण धरून बसली. मी घ्यायला गेले की कमरेतून मागे वाकायची, तळहात माझ्या छातीवर टेकवून मला लांब ढकलायची. मी पुढे, ती मागे. तो ऑफिसला फोन करायला बाहेर गेला की दाराकडे बघत बसायची, पण माझ्याकडे यायची नाही. संस्थेत वाढलेली मुलं बहुधा पुरुषांना बिचकतात असं आम्हाला सांगितलं होतं; हिचं उलटं झालं. मी माझ्यापुरता त्याचा अर्थ लावला आहे. एका बाईवर तिने जीव टाकला होता आणि ती बाई गेली. दुसऱ्या बाईवर पुन्हा तसा जीव टाकायची तिची तयारी नव्हती. बाप ही जागा रिकामी होती, तिथे कुणी गेलेलं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग आहे. बाळाशी खेळणाऱ्या आईने एकाएकी चेहरा निर्विकार करायचा आणि तसाच काही वेळ ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, किंचाळतं, आईला परत आणायला सगळं करून बघतं. मग मान फिरवतं. आमच्याकडे निर्विकार चेहरा बाळाचा होता आणि खटपट करणारी मी. आणि मीही मान फिरवू लागले होते. बाटली भरायची, नवऱ्याच्या हातात द्यायची, आणि कामाला लागायचं. तो तिच्याशी सुखात होता, ती त्याच्याशी. मी बाजूला होऊन उपकारच करते आहे, असं मी स्वतःला समजावत होते.

या वळणावर मला मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांचं काम सापडलं. एका घरातून दुसऱ्या घरात आलेली तान्ही मुलं त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली. त्यांना दिसलेली गोष्ट अशी: साधारण वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर घर बदललेली मुलं पुष्कळदा नव्या पालकाला दूर लोटतात किंवा त्याची गरजच नसल्यासारखी वागतात, आणि पालक बिचारे बाळाच्या चालीने चालतात, म्हणजे तेही मागे सरतात. म्हणून त्या पालकांना शिकवतात की बाळ मागत नसलं तरी द्या. पडल्यावर रडलं नाही तरी उचला. ढकललं तरी जवळपास राहा, जबरदस्ती न करता, पण उठून न जाता.

मला हे आईपण जमेल असं वाटलं, कारण यात माया आधी वाटायची अट नव्हती. फक्त हजर राहायचं होतं.

मग आम्ही घराची रीत बदलली. दूध मीच पाजणार, बाटली हातात धरून, मांडीवर. अंघोळ मी, झोपवणं मी. नवऱ्याला हे जड गेलं, कारण त्याचं सुख मी काढून घेत होते. पण तो शेजारी बसून राहायचा, म्हणजे तिला तो दिसायचा आणि मी लागायची. पहिले काही आठवडे तिला आम्हा दोघांखेरीज कुणी उचलायचं नाही, भरवायचं नाही, असंही ठरवलं. कुणाच्याही कडेवर हसत जाणारं मूल लोकांना गोड वाटतं. पण आपली माणसं कोणती हे ज्याला अजून कळलेलं नाही, त्याच्यासाठी तो गोडवा नाही, तो गोंधळ आहे. सासूबाईंना हे लागलं. नातीची वाट त्यांनीही तेवढीच पाहिली होती. त्या मला म्हणाल्या, “मी काय परकी आहे का गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि बाळापासून चार हात लांब जमिनीवर बसल्या, थोरल्याशी पत्ते खेळत. रोज यायच्या, तशाच बसायच्या. त्यांच्याइतका संयम मला दाखवता आला नाही.

रात्री मात्र आम्हा दोघींच्या होत्या. तिच्या शरीराचं घड्याळ अजून तिकडचं चालत होतं. रात्री दोनला टक्क जागी. सकाळच्या उजेडात बसवून, दुपारची झोप आवरून ते हळूहळू सरकवावं लागतं; आम्हाला दहाएक दिवस लागले. त्या दहा रात्री घर झोपलेलं असताना मी तिला खांद्यावर टाकून खोलीत फेऱ्या मारायची. ती अंग सैल सोडायची नाही. लाकडाचा ओंडका घेऊन चालावं तसं.

तिची फाइल चांगली होती. परदेशातल्या दत्तकासाठी १९९३ चा हेगचा करार आहे. त्यानुसार मुलाची पार्श्वभूमी, कुटुंबाचा आणि आजारपणाचा इतिहास, काही विशेष गरजा असतील तर त्या, असा अहवाल करावा लागतो, आणि मुलाच्या मुळाबद्दलची माहिती पुढे त्याच्यासाठी जपून ठेवावी लागते. हे फार मोलाचं आहे, एक दिवस ती ते सगळं वाचायला मागेल. पण रात्री दोन वाजता मला हवं होतं ते फाइलमध्ये नव्हतं. तिला पाठीवर थोपटतात की मांडीवर? वेगात की सावकाश? कुठला शब्द ऐकला की ती डोळे मिटते?

एक गोष्ट होती. निघण्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने मावशींना बाळाला झोपवताना फोनवर चित्रित केलं होतं. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज: एक संथ, दोन-तीन सुरांचं गुणगुणणं आणि मधूनच एक शब्द. ते लावायचं की नाही यावर आमचे वाद झाले. नवऱ्याचं म्हणणं, सावरतेय ती, कशाला खपली काढायची? मला वाटत होतं, ती सावरत नाहीये. पण खरं सांगायचं तर मला भीती होती. तो आवाज ऐकून ती माझ्याकडे बघेल आणि तिला कळेल की मी ती नव्हे.

नवव्या रात्री मी ते लावलं. आवाज अगदी बारीक ठेवून.

तिने मान वर केली. खोलीभर नजर फिरवली. पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग दाराकडेच पाहत राहिली. आवाज संपला. मी श्वास धरून उभी. आणि मग ती रडली. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. पोटातून, थांबून थांबून, दम जाईल असं. ती मला ढकलत होती, केस ओढत होती, पुन्हा दाराकडे हात करत होती. नवरा धावत आला. मी त्याला मानेनेच नको म्हटलं. खाली जमिनीवर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि बोलत राहिले. काय बोलले? “हो गं. गेल्या त्या. मला माहीत आहे. फार आवडायच्या ना तुला? मलाही आवडल्या.” तिला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं. तास-दीड तासाने ती थकून झोपली, दुपटं मुठीत, तोंड माझ्यापासून वळवलेलं.

सकाळी काही बदललेलं नव्हतं. दुपारी मात्र थोरल्याने खेळणं हिसकावलं तेव्हा ती ओरडली. घरात ऐकलेला तिचा तो पहिला राग. सगळेच दचकलो, आणि थोरल्याने खेळणं लगेच परत दिलं.

मी मावशींचा तो एक शब्द पाठ केला. बहुधा ‘ये’ किंवा ‘नीज’ असा काही अर्थ असावा. उच्चार माझा चुकतच असणार, तरी ती ऐकून क्षणभर थांबायची. तिचं हाकेचं नावही आम्ही बदललं नाही. देश, वास, झोपेची वेळ, माणसं, सगळं तिच्याकडून गेलं होतं, निदान हाक तरी तीच राहू दे. पुढे मला मॉन्ट्रियलमधला २०१४ चा अभ्यास वाचायला मिळाला. चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना मेंदूच्या तपासणीत चिनी भाषेतले सूर ऐकवले. भाषा त्यांना मुळीच येत नव्हती, आठवतही नव्हती. पण मेंदूची प्रतिक्रिया चिनी येणाऱ्या मुलींसारखी होती. आणि त्या दत्तक आल्या होत्या सरासरी वर्षभराच्या वयात. ‘इतकं लहान आहे, विसरून जाईल’ हे वाक्य मला कितीजणांनी धीर द्यायला म्हणून ऐकवलं असेल. तो धीर नकोच होता मला. मावशींनी गुणगुणलेलं तिच्यात कुठेतरी तसंच राहणार आहे, यानेच मला बरं वाटलं. नऊ महिने कुणीतरी तिच्यावर जीव लावला म्हणूनच तिच्याकडे रडण्यासारखं काही होतं, आणि ज्याला एकदा लळा लागला आहे त्याला तो पुन्हा लागू शकतो. मावशींना मी मनात नकळत सवत मानत होते. त्यांनीच माझी वाट तयार करून ठेवली होती.

त्यानंतरचं सगळं बारीक बारीक आहे. कितवा दिवस हे धड सांगताही येणार नाही. दूध पिताना छतावरची नजर माझ्या हनुवटीवर आली. काही दिवसांनी डोळ्यांत आली, आणि लगेच गेली. चार-पाच मिनिटांत संपणारी बाटली पंधरा मिनिटं पुरू लागली. रात्री खांद्यावर घेतल्यावर एकदा तिचं डोकं जड लागलं, म्हणजे तिने ते ठेवलं होतं. मी त्या रात्री ती झोपल्यावरही किती तरी वेळ चालत राहिले. ती रांगत दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबून मागे वळून पाहिलं. मी आहे का, ते.

आणि एका सकाळी मी न्हाणीघरात होते. डोक्याला साबण, पाणी चालू. बाहेर नवरा होता, सासूबाई होत्या, थोरला होता. तरीही तिने टाहो फोडला. नवऱ्याने कडेवर घेतलं, बटण हातात दिलं, गाणं म्हटलं. रडणं दाराच्या रोखानेच येत राहिलं. “अगं, तू हवी आहेस तिला!” तो बाहेरून ओरडला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी तशीच बाहेर आले, अंगाला टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. तिने हात पुढे केले. माझ्या ओल्या खांद्यात तोंड खुपसून मुसमुसत राहिली, आणि तेव्हा माझं शरीर, इतके आठवडे गप्प बसलेलं, एकदम जागं झालं. मीही रडत होते. सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या, बहुतेक त्याही.

दुपटं आम्ही सात आठवडे धुतलं नाही. कडक झालं होतं, थोरला नाक दाबायचा. मग एका तापाच्या रात्री तिने त्यावर उलटी केली आणि इलाज उरला नाही. धुण्याआधी मी त्याचा एक कोरडा कोपरा कापला आणि हवाबंद डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी वाळलेलं दुपटं तिला दिलं. तिने नाकाशी धरलं, थोडा वेळ विचार करावा तशी बसली, आणि ते ओढत माझ्याकडे आली. तिचं नाक वाहत होतं. मी पुसलं.

तो डबा कपाटात वरच्या खणात आहे. कधीतरी रात्री हात तिथवर जातो, पण मी उघडत नाही. दर वेळी थोडा थोडा वास उडून जाईल, आणि तो तिच्यासाठी ठेवलेला आहे.